काळ्या मातीतला रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो, आणि दुरुस्तीचा पैसा येतो कुठून?

दुधनाकाठ
राम राम मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका इतर जिल्हा मार्गाबद्दल विचारायचं आहे. लांबी ३.२ किलोमीटर, डांबरी पट्टा ३.७५ मीटर रुंद. काम झालं त्याला दोन पावसाळे झाले. खाली मुरूम, त्यावर खडीचे दोन थर, वर २० मिमी कारपेट (खडी-डांबराचा पातळ थर) आणि सीलकोट (त्यावरचा डांबर-वाळूचा लेप). आजची अवस्था अशी: उजव्या कडेपासून फूट-दीड फूट आत, रस्त्याला समांतर लांबच लांब चीर गेली आहे. काही ठिकाणी ती इतकी रुंद की बोटं जातात. कडेचं डांबर तुकड्या-तुकड्याने निखळतंय. मधला भाग बऱ्यापैकी शाबूत. ओढ्याजवळचे शंभर मीटर मात्र पूर्ण गेले, तिथे नुसती खडी उरली आहे.

तीन प्रश्न. चूक बांधकामात कुठे झाली? आता जबाबदार कोण? दुरुस्तीला पैसा कोणत्या खात्यातून मागायचा? कोणी किती खाल्ले हे कृपा करून बाजूला ठेवा, ते सगळ्यांना पाठ आहे.

मुरूम_माती
भाऊ, तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. कडेला समांतर गेलेली लांब चीर ही डांबराची चूक नसते, ती खालच्या मातीची असते. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. डांबराखाली रस्त्याच्या मधल्या भागातली ओल वर्षभर जवळपास तेवढीच राहते. कडेची माती मात्र एप्रिल-मेमध्ये वाळून बसते, शेतात भेगा पडतात तशा साइडपट्टीखालीही पडतात. मधला भाग जागेवर, कड खाली, म्हणून चीर पडते. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात त्याच चिरेतून पाणी थेट मातीपर्यंत उतरतं. त्यात ट्रॅक्टरचं चाक कडेवरून गेलं की कड तुटते. यात डांबर व्हीजी-३० प्रतीचं वापरलं की आणखी कुठलं, याने फार फरक पडत नाही.

अंदाजपत्रकातला पहिला प्रश्न म्हणून मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, विचारा. चार दिवस पाण्यात भिजवून तपासलेल्या काळ्या मातीचा सीबीआर बहुतेक ठिकाणी २ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान येतो. ग्रामीण रस्त्यांच्या जाडीसाठीची मार्गदर्शिका म्हणजे आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेसची) एसपी-७२. तिच्यात २ सीबीआरची माती 'अतिशय खराब' आणि ३-४ ची 'खराब' या वर्गात येते. सीबीआर २ च्याही खाली असेल तर किमान १० सीबीआरच्या मुरमाचा १०० मिमीचा जादा थर आधी द्यायचा असतो. आपल्याकडे होतं काय, तर शेजारच्या गावच्या कामाचं अंदाजपत्रक उचलायचं आणि लांबी बदलायची. त्या गावाची जमीन माळाची असते, मुरमाड. तिथे टिकलेली जाडी गोदावरीच्या किंवा दुधनेच्या खोऱ्यातल्या दहा-बारा फूट खोल काळ्या रानात टिकणार नाही.

दुसरी गोष्ट पेटी कापण्याची. काळ्या मातीत ३.७५ मीटर रुंद चर खोदायचा, त्यात मुरूम-खडी भरायची आणि दोन्ही बाजूंना खोदलेली तीच काळी माती साइडपट्टी म्हणून ढकलायची. सगळा रस्ता हौदात बसवल्यासारखा होतो. खडीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. खालचा मुरमाचा थर साइडपट्टीच्या बाहेरच्या टोकापर्यंत, म्हणजे भरावाच्या पूर्ण रुंदीत न्यायला हवा. त्याला पैसे जास्त लागतात, म्हणून अंदाजपत्रकात कात्री पहिली तिथे लागते.

मुरमाचंही तसंच. दिसायला लाल आणि छान, पण चिकणमाती जास्त. जीएसबीच्या, म्हणजे खडीखालच्या थराच्या, मुरमाचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकटपणाचं माप) ६ च्या आत हवा. जागेवर ढोबळ पाहायचं तर मूठभर मुरमातला बारीक भाग चाळून घ्या, ओला करा, तळहातावर वळून ३ मिमी जाडीची वळी होते का बघा. सहज वळी होत असेल तर त्या मुरमात माती आहे. प्रयोगशाळेची जागा ही चाचणी घेत नाही, पण कोणता ढीग प्रयोगशाळेत पाठवायचा ते कळतं.

वाडीवस्ती
चुन्याचा उपाय करतात ना काळ्या मातीवर? तो का नाही करत इकडे?

मुरूम_माती
करता येतो. वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळला की मातीचं फुगणं बरंच कमी होतं आणि सीबीआर वाढतो. पण ढेकळं फोडून माती बारीक करावी लागते, नाहीतर चुना ढेकळाच्या वरच राहतो आणि आत काळी माती जशीच्या तशी. त्यासाठी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून तीन-चार फेऱ्या, मग पाणी, मग रोलर, मग काही दिवस ओल टिकवणं. मुरूम २५-३० किलोमीटरवरून आणावा लागत असेल तर हिशेबात चुना परवडू शकतो. अडचण खर्चापेक्षा देखरेखीची आहे. चुना ३ टक्के पडला की १, हे नंतर कोणाला दिसत नाही.

मांजरा_खोरे
यात पाण्याचा मुद्दा राहिला. आपल्याकडे कामं फेब्रुवारी ते मे या काळात उरकतात, कारण मार्चअखेर बिल निघालं पाहिजे आणि उरलेलं पावसाआधी संपलं पाहिजे. त्या काळात प्यायलाच टँकर असतो, तिथे मुरमावर पाणी कोण मारणार? मुरूम आणि खडीचा थर योग्य ओलाव्यावरच दबतो. कोरड्यावर रोलर कितीही फिरवला तरी वरवर सपाट दिसतं, आत पोकळी राहते. पहिल्या पावसात तो थर आपोआप खाली बसतो आणि वरचं कारपेट लाटेसारखं होतं. एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) 'पाणी मारून दबाई' लिहिलेलं असतं आणि दर त्याचाच दिलेला असतो. टँकरच्या खेपांची नोंद मागितली की बराच उलगडा होतो.

सुतळी_फूटपट्टी
दुधनाकाठ भाऊ, तुम्हाला जागेवर स्वतः तपासता येतील अशा गोष्टी सांगतो. लागणारं सामान: सुतळी, फूटपट्टी, ३० मीटरचा टेप, खडू.

आधी उतार. रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरली तर मधोमध ती रस्त्याला टेकून वर उचलली गेली पाहिजे. दोन्ही टोकं सारखी उचलून सुतळी मध्यावर नुसती टेकवा आणि कडेला अंतर मोजा. ३.७५ मीटर रुंदीला अडीच टक्के उतार म्हणजे मध्य आणि कड यांत साधारण ४७ मिमी फरक. तीन टक्के असेल तर ५६. बहुतेक ठिकाणी १५-२० मिमीच भरतो, काही ठिकाणी मध्यच खोलगट. साइडपट्टीचा उतार त्याहून जास्त, ४ ते ५ टक्के हवा. प्रत्यक्षात ती गवताने आणि मातीने वर आलेली असते, म्हणजे डांबरावरचं पाणी अडवणारा बांधच. कडेची खडी निखळते तिथे बहुधा हेच असतं.

मग जाडी. आधीच तुटलेल्या कडेला आतला छेद दिसतो, नवीन खोदू नका. कारपेट २० मिमी, खाली ७५ मिमीचे खडीचे दोन थर. प्रत्येक शंभर मीटरला एक माप, साखळी क्रमांकासकट (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहून ठेवा: १/२०० म्हणजे एक किलोमीटर दोनशे मीटर, मग १/३०० असं. नुसते 'गावाजवळ' असे फोटो कोणी धरत नाही.

आता आकडे, कारण यात लपवाछपवी अवघड असते. २० मिमी कारपेटला १० चौरस मीटरमागे १४.६ किलो डांबर लागतं, टॅककोट (कारपेट खाली चिकटावं म्हणून आधी मारलेला हात) वेगळा. वाळूच्या सीलकोटला, ज्याला 'बी' प्रकार म्हणतात, १० चौरस मीटरला ६.८ किलो. एका किलोमीटरचं क्षेत्रफळ ३,७५० चौरस मीटर. म्हणजे कारपेटला ५,४७५ किलो आणि सीलकोटला २,५५० किलो, मिळून किलोमीटरला ८ टन. तुमच्या ३.२ किलोमीटरला सुमारे साडेपंचवीस टन डांबर, टॅककोटचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) सोडून. एवढ्या डांबराच्या रिफायनरीच्या मूळ पावत्या फाइलमध्ये असायला पाहिजेत. पावतीवरची तारीख डांबरीकरणाच्या आधीची हवी, टँकरचा क्रमांक हवा, आणि तीच पावती दुसऱ्या कामाच्या फाइलमध्ये लावलेली नसावी. शेवटची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, कारण एकाच पावतीवर दोन-तीन कामांची बिलं निघण्याचे प्रकार आपल्या राज्यात उघड झालेले आहेत.

खडीचंही असंच मोजता येतं. ७५ मिमीच्या एका थराला १० चौरस मीटरमागे ०.९१ ते १.०७ घनमीटर सैल खडी. किलोमीटरला साधारण ३४० ते ४०० घनमीटर, म्हणजे १२० ते १४० ब्रास. पाच ब्रासच्या हायवाने एका थराला एका किलोमीटरमागे २४ ते २८ खेपा. गावात कोणाला तरी खेपा आठवतात.

उसाचा_फड
डांबर आणि मुरूम यांच्याइतकाच दोष वजनाचा आहे, त्यावर कोणी बोलत नाही. कारण गाड्या आपल्याच गावच्या. गाळप हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि ट्रक याच ३.७५ मीटरवरून जातात. नदीकाठच्या गावांत वर वाळूचे हायवा.

रस्त्याचं नुकसान वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन आसावर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर मोजतात, आणि प्रमाण आस ८.१६ टनांचा धरतात. कायद्याने चार टायरच्या एका आसावर २०१८ पासून ११.५ टन चालतात, आधी १०.२ होते. ११.५ टनांचा एक आस प्रमाण आसाच्या जवळपास ४ पट नुकसान करतो. तोच आस १४ टनांवर गेला की साडेआठ पट. म्हणजे कायद्यातल्या गाडीच्या दोन खेपा आणि ओव्हरलोड गाडीची एक खेप, रस्त्याला सारखीच.

ग्रामीण रस्त्याची जाडी ठरवताना गाड्या मोजायच्या असतात, आणि त्या सुगीच्या दिवसांत वेगळ्या मोजायच्या असतात. मे महिन्यात मोजणी केली तर ऊस दिसणारच नाही. एसपी-७२ ची जाडी २० लाख प्रमाण आसांपर्यंतच्या रस्त्यांसाठी आहे. कारखान्याच्या वाटेवरचा रस्ता त्या हिशेबातून लवकर बाहेर पडतो आणि त्याला २० मिमी कारपेट पुरत नाही. तिथे पातळ कारपेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

वाडीवस्ती
मग ऊस काय डोक्यावर न्यायचा का भाऊ?

उसाचा_फड
नाही. कारखान्याकडे जाणारे ठरावीक रस्ते निवडून तेवढे जाड करायचे आणि बाकीचे वाचवायचे. आज सगळे सारखेच पातळ, म्हणून सगळे सारखेच उखडतात.

लेखाशीर्ष
पैशाच्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण तक्रारी चुकतात त्या इथेच. खड्ड्याचं निवेदन कलेक्टरला, आमदाराला, पालकमंत्र्यांना सगळ्यांना जातं आणि ज्या टेबलावर निर्णय होतो तिथे जात नाही.

रस्ता कोणाचा ते आधी. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पाहिलं तरी अंदाज येतो: पिवळं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य मार्गाचं, काळं जिल्हा मार्गाचं, नारिंगी ग्रामीण रस्त्याचं. त्यावर पूर्ण विसंबू नका, कारण रस्ता दर्जोन्नत झाला तरी दगड जुनाच राहतो. दर्जोन्नत रस्त्यांची आणखी एक गंमत आहे. कागदावर इजिमाचा प्रजिमा झाला की जिल्हा परिषद म्हणते आमचा नाही, आणि बांधकाम विभाग म्हणतो हस्तांतर व्हायचंय. अशा रस्त्यावर दोघांचाही एक रुपया पडत नाही. म्हणून पहिल्याच अर्जात रस्त्याचा क्रमांक आणि सध्याची मालकी विचारा.

दुसरी गोष्ट लेखाशीर्षाची, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खात्याच्या क्रमांकाची. आपल्याकडच्या फलकांवर आणि आदेशांवर दोन आकडे वारंवार दिसतात, ५०५४ आणि ३०५४. ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च: नवीन काम, सुधारणा, रुंदीकरण. ३०५४ म्हणजे देखभाल-दुरुस्ती. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना हे दोन्ही मोठ्या प्रमाणात जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या मान्यतेने मिळतात. नव्या कामाला नारळ फुटतो, दुरुस्तीला फुटत नाही, त्यामुळे ३०५४ कायम पातळ. आणि जे मिळतं ते पंधरा-वीस रस्त्यांवर थोडं थोडं शिंपडलं जातं: इथे दोनशे मीटर, तिथे तीनशे मीटर. एवढ्याशा कामासाठी हॉटमिक्स प्लँट हलवणं ठेकेदाराला परवडत नाही, मग मुरूम टाकून खड्डे बुजवले जातात. मुरूम पावसात वाहून जातो आणि त्याच खड्ड्यावर पुढच्या वर्षी पुन्हा तरतूद.

पैशाचे बाकीचे मार्ग थोडक्यात. गावातल्या सिमेंट रस्त्याला आणि गटारीला बहुतेकदा २५१५ हे ग्रामविकासाचं शीर्ष. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२६) जो निधी मिळाला त्यातला ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, रस्त्याला हात लावता यायचा तो उरलेल्या ४० टक्क्यांतच. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, त्यात अख्खा मतदारसंघ. शेतरस्त्यांना मातोश्री पाणंद योजना, तिचा पाया रोजगार हमीचा, म्हणून मजुरी-साहित्याचं ६०:४० हे गणित आडवं येतं. पुलांना आणि मोठ्या सुधारणांना नाबार्डचं आरआयडीएफ (ग्रामीण पायाभूत सुविधा निधी) कर्ज, राज्य घेतं आणि राज्यच फेडतं. मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ पासून, त्यात पुढे आशियाई विकास बँकेच्या कर्जातलीही कामं आली.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना वेगळी पाहा. २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, आधी सगळा पैसा केंद्राचा, २०१५-१६ पासून ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य. तिचं खरं वैशिष्ट्य पैशात नाही, करारात आहे. बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षं देखभाल बंधनकारक, आणि त्या देखभालीचा वर्षवार दर निविदेतच ठरलेला. शेजारी-शेजारी दोन रस्ते असतील तर हा फरक पाचव्या वर्षी डोळ्यांनी दिसतो. बाकी योजनांत देखभालीचे पैसे काम झाल्यावर शोधावे लागतात.

गोदाकाठची_पोरं
पेट्रोलवर रस्त्याचा सेस भरतो तो जातो कुठं मग? गाडीचा रोड टॅक्स वेगळा, टोल वेगळा!

लेखाशीर्ष
रोड टॅक्स, म्हणजे मोटार वाहन कर, राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तो रस्त्यावरच खर्च करायचा असं बंधन नाही. पेट्रोल-डिझेलवरचा रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर केंद्राचा. मे २०२२ च्या कपातीनंतर तो पेट्रोलवर लिटरला ५ आणि डिझेलवर २ रुपये झाला. उपकर असल्यामुळे त्याची राज्यांशी वाटणी होत नाही. तो केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीत जमा होतो आणि राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, ग्रामीण रस्ते यांच्यात विभागला जातो. राज्याच्या रस्त्यांसाठी त्यातून जी कामं मंजूर होतात त्यांच्या फलकावर 'केंद्रीय मार्ग निधी' किंवा 'सीआरआयएफ' लिहिलेलं असतं. ती राज्य मार्गांवर आणि मोठ्या जिल्हा मार्गांवर पडतात, इजिमापर्यंत सहसा पोचत नाहीत. टोल ज्या महामार्गाचा त्याच्या हिशेबात. समृद्धी जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, त्याचा टोल रस्ते विकास महामंडळाच्या कर्जफेडीचा. त्या टोलातून गावाचा खड्डा बुजणार नाही, आणि गावाच्या पैशातून समृद्धीही झालेला नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत, पण चर्चेत कायम एकत्र येतात.

बालाघाटचा_माळ
ताई, मूळ दुखणं अनुशेषाचं, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या वाट्याचं आहे. दांडेकर समितीने १९८४ सालीच सांगितलं होतं, राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. १९९४ ला वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मराठवाड्याच्या वाट्याचा पैसा आला असता तर ही वेळ आली नसती.

लेखाशीर्ष
आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा. रस्त्यांचा अनुशेष लांबीत मोजला गेला. किती किलोमीटर असायला हवेत आणि किती आहेत. साहजिकच तो भरताना किलोमीटर वाढवण्यावर भर गेला. जाडी, मोऱ्या, नाल्या, देखभाल हे मापातच नव्हतं. आज तोच वाढलेला किलोमीटर ३०५४ च्या त्याच पातळ तरतुदीत सांभाळायचा आहे. पैसा कमी मिळाला हे खरं, पण जास्त मिळाला असता तर त्याच पद्धतीने आणखी पातळ रस्ते झाले असते.

बालाघाटचा_माळ
हे मान्य नाही. जाडी कमी झाली तीही पैसा कमी म्हणूनच. सरासरी ७०० मिमीच्या आसपासचा पाऊस, पण आता पडतो चार-पाच झडींत. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडे काय झालं सगळ्यांनी पाहिलं. त्या पाण्याच्या हिशेबाचे पूल बांधायला पैसा लागतोच.

लेखाशीर्ष
पुलांबाबत मान्य. आता ज्या गोष्टीने कामं अर्धवट राहतात ती सांगते: मंजुरी आणि तरतूद. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत काम मंजूर होतं, पण त्या वर्षासाठी पैसे ठेवले जातात किमतीच्या छोट्याशा भागाएवढे. गावात फलक लागतो पूर्ण रकमेचा. ठेकेदार काम सुरू करतो, पहिलं बिल निघतं, पुढची अडकतात. मंजूर कामांचं दायित्व वर्षाच्या तरतुदीच्या कितीतरी पट होतं. थकीत बिलांवरून राज्यातल्या ठेकेदार संघटनांनी २०२५ मध्ये आंदोलनं केली ती यातूनच. रस्त्यावर याचा परिणाम असा की खडीचा थर पसरून ठेवतात आणि डांबरासाठी थांबतात. उघड्या खडीवर एक पावसाळा गेला की बारीक भाग वाहून जातो. मग तशाच सैल खडीवर घाईने कारपेट. म्हणून गावाने 'किती कोटी मंजूर' एवढंच विचारू नये, 'या वर्षी तरतूद किती आणि आजपर्यंत वितरित किती' हे विचारावं.

आणि कमी दराच्या निविदा. अंदाजपत्रकाच्या २०-२५ टक्के खाली कोणी काम घेतलं तर जादा सुरक्षा ठेव घेतात, पण रस्त्यात घालायचा माल त्याने वाढत नाही. ही टक्केवारी कार्यारंभ आदेशात मिळते. ती पाहिली की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा अंदाज येतो. १८ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन हे सगळं त्याला भरायचंच आहे.

दुधनाकाठ
फार उपयोगी माहिती. आता जबाबदारीचं सांगा. दोन वर्षं झाली म्हणजे हात झटकले का?

सुतळी_फूटपट्टी
नाही, उलट हीच वेळ आहे. दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करायची मुदत, किती ते निविदेत आणि कार्यारंभ आदेशात लिहिलेलं असतं, कामाच्या प्रकारानुसार दोन वर्षांपासून पुढे. तो काम पूर्णत्वाच्या दाखल्यावरच्या तारखेपासून मोजतात. तुमचा कालावधी संपत आला असेल तर पुढचे काही आठवडे महत्त्वाचे. तो संपला की सुरक्षा ठेव परत जाते आणि मग दुरुस्ती सरकारी पैशातून.

लगेच दोन अर्ज टाका. एक साधी लेखी तक्रार, कार्यकारी अभियंत्याच्या नावाने, पोच घेऊन. त्यात रस्त्याचा क्रमांक, साखळी क्रमांक, दोषाचं वर्णन आणि 'दोष दायित्व कालावधीत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी, तोवर सुरक्षा ठेव परत देऊ नये' ही मागणी. दुसरा माहिती अधिकाराचा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे, त्यामुळे पल्लेदार लिहू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. मागायचं एवढंच: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, गुणवत्ता चाचणी अहवाल, डांबराच्या पावत्या, पूर्णत्वाचा दाखला, सुरक्षा ठेवीची सद्यस्थिती. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरं, आपल्या भागासाठी माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे.

एक तरतूद फारसं कोणी वापरत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हाही 'माहितीचा अधिकार' आहे. म्हणजे अभियंत्यासमोर रस्त्याचा छेद घेऊन जाडी मोजण्याची आणि नमुना सीलबंद करण्याची मागणी करता येते. स्वतः कुदळ मारली तर तुमच्यावरच गुन्हा. तसंच २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-क आलं. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड.

मांजरा_खोरे
ओढ्याजवळच्या शंभर मीटरवर कोणी बोललं नाही. तिथे काय आहे, पाइपची मोरी का पाणी वरून जाऊ देणारी फरशी?

दुधनाकाठ
६०० मिमीचे दोन पाइप. एक पूर्ण गाळाने बंद. पाणी रस्त्यावरून जातं.

मांजरा_खोरे
मग तिथे पुन्हा कारपेट टाकायची मागणी करूच नका, वाया जाईल. ६०० मिमीच्या पाइपात माणूस शिरून गाळ काढू शकत नाही, म्हणून तो बंदच राहतो. कमीत कमी १००० मिमीचा पाइप मागा, वर ६०० मिमी भराव, दोन्ही तोंडांना भिंती, आणि उतरत्या बाजूला दगडी पिचिंग व खाली उतरवलेली आडभिंत. रस्ता वाहून जाताना सुरुवात नेहमी पाणी पडतं त्या बाजूने होते. ओढ्याचं पाणलोट मोठं असेल आणि पाणी वर्षातून दोन-चारदा वरून जाणारच असेल, तर डांबराऐवजी तेवढ्या भागात काँक्रीटची फरशी करून घ्या. पाणी वरून गेलं तरी रस्ता राहतो. काँक्रीट करायचं तर सांधे ४ ते साडेचार मीटरवर, एक दिवसाच्या आत कापलेले, जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे खोल. आणि १४ दिवस पाणी. गावातल्या २५१५ च्या सिमेंट रस्त्यांना वेड्यावाकड्या तडा जातात त्या याच दोन गोष्टी वगळल्यामुळे.

वाडीवस्ती
हे सगळं होईस्तोवर खड्ड्यांचं काय? पावसाळ्यात मुरूमच टाकतात.

मुरूम_माती
पावसाळ्यात कोल्डमिक्स (न तापवता वापरायचं खडी-डांबराचं मिश्रण) चालतं, फक्त पद्धत पाळा. खड्डा चौकोनी कापायचा, बाजू उभ्या, तळ घट्ट लागेपर्यंत सैल खडी काढायची. पाणी आणि चिखल उपसायचा, ब्रशने झाडायचा. तळाला आणि चारही बाजूंना इमल्शन. मग मिश्रण भरायचं, खोली जास्त असेल तर दोन थरांत, प्रत्येक थर धुमसाने दाबून, शेवटी रस्त्यापेक्षा चार-पाच मिमी वर. दोन फूट बाय दोन फूट, पाच सेंमी खोल खड्ड्याला दाबलेलं साधारण ४० किलो मिश्रण लागतं. वरून पावडर किंवा बारीक कच टाकली की चाकाला चिकटत नाही. चौकोन न कापता गोल खड्ड्यात नुसतं ओतलं तर कड पातळ राहते आणि तिथूनच उखडायला सुरुवात होते.

कडेच्या चिरांना मेअखेर, पहिल्या पावसाआधी, इमल्शन आणि दगडी भुकटीचा घट्ट रबडा भरून घ्या. तेव्हा त्या सगळ्यात रुंद असतात, माल आत जातो. त्याच वेळी साइडपट्टी जेसीबीने उतारात कापून काळी माती बाहेर आणि मुरूम आत. या दोन कामांना ३०५४ मधले थोडे पैसेही पुरतात, आणि नुसत्या कारपेटपेक्षा जास्त टिकतात.

लेखाशीर्ष
यातलं ३०५४ चं काम यादीत घालायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव आत्ताच करून पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडे द्या. ठरावात नुसतं 'रस्ता दुरुस्त करणे' लिहू नका. 'इजिमा क्रमांक अमुक, साखळी अमुक ते अमुक, साइडपट्टी मुरूम भराव, दोन्ही बाजूंनी नाली, आणि साखळी अमुक येथे मोरी बदलणे' असं लिहा. मोरीचा प्रस्ताव वेगळा, ५०५४ मध्ये. दोन्ही एकत्र केले तर दुरुस्तीच्या शीर्षात मोरी बसत नाही म्हणून अख्खा प्रस्ताव परत येतो.

दुधनाकाठ
पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख आजच ग्रामसेवकाकडून काढतो. साखळी क्रमांकाचे दगड अर्ध्या रस्त्यावर नाहीतच, तिथे काय धरायचं?

सुतळी_फूटपट्टी
फाट्यावर जिथे मोठा रस्ता सुटतो ते शून्य धरा, टेपने मोजत जा आणि दर शंभर मीटरला झाडावर किंवा विजेच्या खांबावर खडूने आकडा टाका. अर्जात 'फाट्यापासून मोजलेले अंतर' असं स्पष्ट लिहा. उपअभियंता पाहणीला येईल तेव्हा टेप तुमच्याकडेच असू द्या.